भावोजींचा दुभाषी

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी आईला विचारलं, मुलगा करतो तरी काय? "पाणी खात्यात कंप्युटरवर आहे," आई म्हणाली. कंप्युटरवर पाणी सांडलं तर तो बिघडतो एवढंच मला ठाऊक होतं. तसं मी बोलूनही दाखवलं आणि आईनं डोळे वटारले. पुढं भावोजींनीच मला त्यांचं काम समजावून सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. मी माझ्या दुकानात लोकांच्या पॅंटी आखूड करत बसायची आणि हे समोरच्या स्टुलावर बसून ताई बाजारातून येईपर्यंत बोलायचे. मेव्हणी म्हणजे फुकटची श्रोती. पण त्यामुळे आज त्यांच्याबद्दल चार ओळी लिहू शकेल असं माणूस मीच उरलेय.

भावोजी उंच. जिथं वाकायची गरज नाही अशा दारातूनही वाकून येणारे. चिडायचे, नाही असं नाही, पण चिडले की गप्प व्हायचे, आणि गप्प बसलेला माणूस ताईला सहन व्हायचा नाही. मग ती दोघांच्याही वाटणीचं बोलायची. भांडणसुद्धा ती एकटीच दोन्ही बाजूंनी करायची. "तुम्ही म्हणाल, की कामावरून थकून आलोय," असं म्हणून आधी त्यांचं म्हणणं मांडायची आणि लगेच खोडूनही काढायची. भावोजी तिच्याकडे बघत हसत बसायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं चांगलं चाललं होतं, आणि हे मी बहिणीच्या मायेनं सांगत नाहीये. माया असली तरी मी कुणाचं उगाच चांगलं बोलत नाही.

त्यांचं काम असं होतं. गावभर पसरलेले पंप, टाक्या, झडपा. प्रत्येक ठिकाणी एक यंत्र, आणि टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, हे ते मुख्य कचेरीला कळवत राहायचं. आता खातं जुनं. यंत्रं घेतली ती जेव्हा जशी सुचली तशी, ज्या कंपनीची स्वस्त मिळाली तिची. काही टेलिफोनच्या तारेवरून सावकाश बोलायची, काही रेडिओवरून, आणि नवी होती ती इंटरनेटवरून फटाफट. प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी. तिला तिकडे प्रोटोकॉल म्हणतात, भावोजी बोली म्हणायचे. "एका घरात तीन पिढ्या आणि कुणालाच दुसऱ्याचं कळत नाही, तसं आहे बघ," असं ते सांगायचे.

मग खात्यानं सगळ्यांवर एकदम नजर ठेवणारं एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. भिंतीएवढा पडदा, त्यावर गावाचा नकाशा, आणि नकाशावर ठिपके. सगळं ठीक असेल तर ठिपका हिरवा, नाहीतर लाल. नुसता लाल नाही, बोंबलणारा लाल. फक्त त्या सॉफ्टवेअरला एकच बोली यायची, सगळ्यात नवी. म्हणून भावोजींनी मध्ये स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहून बसवला. सॉफ्टवेअरनं विचारलं, की हा तो प्रश्न जुन्या यंत्राला त्याच्या बोलीत विचारणार आणि आलेलं उत्तर नव्या बोलीत सांगणार. त्याचं नाव त्यांनी ठेवलं दुभाषी. कचेरीतल्या लोकांनी ते नाव त्यांनाच चिकटवलं. "दुभाषी आले का? दुभाष्यांना बोलवा." त्यांना ते आवडायचं.

तरी एक अडचण राहिली. नवं सॉफ्टवेअर म्हणजे पी हळद अन् हो गोरी. विचारलं की लगेच उत्तर पाहिजे. तारेवरचं जुनं यंत्र विचार करून बोलणार, तोवर इकडे ठिपका लाल होऊन बोंबलायला लागलेला. असं दिवसभर. पडद्यासमोर बसणारी माणसं कावली. एकदा तर बाहेरचे पाहुणे पडदा बघायला आले असताना अर्धा नकाशा लाल झाला आणि मोठे साहेब भावोजींवर सगळ्यांदेखत ओरडले. त्यावर भावोजींनी तोड काढली. जुनं यंत्र वेळेत बोललं नाही, तर दुभाषी त्याचं आधीचंच उत्तर पुन्हा सांगणार. टाकी मघाशी भरलेली होती ना? मग म्हण भरलेली आहे.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. "म्हणजे म्हातारा पेंगला, की त्याच्या वतीनं तुम्हीच हुंकार देणार!"

"दोन क्षणांचा तर प्रश्न असतो गं. तेवढ्यात तो उठतोच."

"आणि नाही उठला तर?"

"इतक्या वर्षांत कधी झालंय का तसं?"

झालं नव्हतं. पडदा हिरवागार झाला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

त्यानंतर केव्हातरी, एका साध्या सकाळी, केस विंचरताना ताईच्या हातातून फणी पडली. ती उचलायला वाकली आणि ताईही पडली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय लंगडत का होईना जमिनीला लागायला लागला, पण वाचा पार गेली. आमची ताई, जिनं पाहुण्यांना निरोप द्यायचा म्हणजे फाटकाशी उभं राहून आणखी एक मैफल व्हायची, तिच्याकडे एकच आवाज उरला. "बा." हसतानाही बा, रडतानाही बा.

कचेरीनं भावोजींना घरून काम करायची मुभा दिली. ताईच्या खाटेशेजारी टेबल मांडून त्यांनी लॅपटॉप ठेवला. त्यावर तोच नकाशा, तेच ठिपके. एक डोळा ठिपक्यांवर आणि एक ताईवर. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं, की ताईचं बोलणं त्यांना कळतं.

"ही बा आणि मघाची बा एक नाही," मला समजावत ते म्हणाले. "ही लांब आहे ना, ही खिडकी लाव म्हणते. तुटक असली की पाणी. आणि शेवटाला चढली, तर तुझ्याबद्दल काहीतरी म्हणतेय."

"काय म्हणतेय माझ्याबद्दल?"

"बारीक झालीस म्हणते."

मी बारीक झाले नव्हते. पण ताई मला आयुष्यभर हेच म्हणत आली, त्यामुळे मला ते एकदम तिचंच वाटलं. रोज फोन केला की भावोजी सांगायचे, तिला बरं आहे, तुझं दुकान कसं चाललंय विचारतेय, त्या निळ्या पडद्यांच्या गिऱ्हाइकाला उधारीवर देऊ नको म्हणतेय. ताई अशीच होती, अगदी अशीच. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायचं.

मग त्या बाई आल्या, वाचा शिकवणाऱ्या. इस्पितळानं पाठवलेल्या. त्यांचं एक केंद्र होतं, गावाबाहेर. अशा लोकांना तिथं काही महिने ठेवून घेत, सकाळ-संध्याकाळ बोलायला शिकवत. बाई ताईसमोर बसल्या, चित्रं दाखवली, ओठांचे आकार करून दाखवले. मीही त्या दिवशी तिथंच होते. मग आमच्याकडे वळून त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"एक जागा रिकामी झालीय. येत असतील तर आत्ताच आणा. या आजारात पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं. मग मेंदू तसाच घट्ट होऊन बसतो. पण यांची स्वतःची तयारी हवी. ओढून आणलेलं माणूस तिथं भिंतीकडे तोंड करून बसतं, आणि दुसऱ्याची जागा जाते."

"तिला विचारतो," भावोजी म्हणाले. खाटेवर बसून त्यांनी ताईचा डावा हात हातात घेतला. "जायचं का गं तिकडे? राहायचं तिथं?"

"बा," ताई म्हणाली. लगेच म्हणाली. मग तिनं हात सोडवून घेतला, खाटेखाली वाकून चाचपडत आपल्या बाहेरच्या चपला ओढल्या आणि डावा पाय एकीत घातला. दुसरी काही तिला घालता येईना. ती पुन्हा "बा, बा" म्हणाली आणि दाराकडे हात केला.

भावोजी हसले, डोळे भरून हसले. "बघा, तुम्हाला फाटकापर्यंत सोडायला निघाली. जन्माची खोड. नाही जायची ती कुठं. इस्पितळाच्या वासानं तिला मळमळतं. तुमची आई इस्पितळात होती तेव्हा तर तिथली पायरीसुद्धा चढली नव्हती ती, तुला आठवतंय ना?"

हे शेवटचं माझ्यासाठी होतं, आणि मला आठवत होतं. खरंच चढली नव्हती. मी मान डोलावली. भावोजींनी तिच्या पायातली चप्पल काढून पुन्हा खाटेखाली सारली. बाईंना मीच फाटकापर्यंत सोडलं. त्या म्हणाल्या, "घरचे ओळखतातच माणसाला," आणि गेल्या.

त्यानंतर ताईचे दोनतीन दिवस फार वाईट गेले. जेवेना, रात्रंदिवस रडायची. बाई येऊन गेल्यानं दगदग झाली, असं भावोजींनी सांगितलं. मग ती शांत झाली आणि आम्हाला हायसं वाटलं. महिने गेले. थंडी सरली.

आणि एक दिवस टेकडीवरची टाकी कोरडी निघाली. त्या बाजूच्या वस्तीत नळाला पाणी नव्हतं, लोक फोन करून करून थकले होते, आणि कचेरीतली माणसं पडद्याकडे बोट दाखवून सांगत होती, की टाकी भरलेली आहे, तुमच्याच नळात काहीतरी असेल. पंप रिकाम्या टाकीतून पाणी ओढायच्या नादात जळून गेला तेव्हा कुठं कुणीतरी टेकडी चढून गेलं. रस्ता खोदणाऱ्यांनी तार केव्हाच तोडलेली होती. यंत्र मुकं झालं होतं आणि दुभाषी बिचारा इमानानं सांगत राहिला होता, भरलेली आहे, भरलेली आहे.

भावोजींना कचेरीत बोलावणं आलं. मी दुकान बंद करून ताईपाशी जाऊन बसले. दुपारी ते परत आले ते वाकूनच, आणि आत आल्यावरही सरळ झाले नाहीत. मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

"ओरडले का?" मी विचारलं.

"नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी एवढंच विचारलं, ही टाकी शेवटची खरंच कधी बोलली ते सांगा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला सांगता येईना. खोदून बघावं लागलं. गेल्या महिन्यातलं उत्तर होतं ते. जुनं उत्तर किती वेळ चालवून घ्यायचं याची मी मर्यादाच घातली नव्हती. एका ओळीचं काम होतं. मला वाटायचं, मला माहितीय ही टाकी. इतकी वर्षं मी तिला ओळखतो."

मी ताईकडे बघितलं. ती आमच्याकडेच बघत होती. माझं तोंड फटकळ आहे, आणि त्या वेळी त्याला आवरायचं माझ्या मनातही आलं नाही.

"भावोजी," मी म्हटलं, "आणि ही? ही शेवटची खरंच कधी बोलली?"

त्यांना लगेच कळलं. मी काय म्हणतेय हे त्यांना विचारावं लागलं नाही, यावरूनच मी ओळखलं, की ते घरी येईपर्यंत वाटेत हाच विचार करत आले होते. ते उठून ताईच्या खाटेपाशी जमिनीवर बसले.

"त्या बाई आल्या होत्या," ते ताईला म्हणाले. "केंद्रातल्या. तू खाटेखालून चपला ओढल्या होत्यास. त्यांना सोडायला निघाली होतीस ना?"

"बा," ताई म्हणाली.

आणि पहिल्यांदाच भावोजींनी त्या 'बा'चं काही केलं नाही. ते थांबले. मीही थांबले. ताईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तिनं डावा हात खाटेखाली घातला आणि भिंतीकडच्या बाजूनं, जिथं झाडूसुद्धा पोचत नाही अशा कोपऱ्यातून, पट्टा धरून एक पिशवी ओढली. ती तिला पुरती ओढवेना, म्हणून मी पुढं झाले.

पिशवीत टॉवेल होता. बाहेर घालायचे दोन कपडे, एक उलटाच घडी केलेला, एका हातानं केलेला. फणी होती. आणि तिचा दात घासायचा ब्रश होता. बाई यायच्या आदल्या दिवशी तो सापडत नव्हता, म्हणून भावोजी स्वतःच्या वेंधळेपणाला शिव्या घालत नवा घेऊन आले होते. बाई येणार, केंद्राबद्दल बोलणार, हे आम्ही तिच्यासमोरच बोललो होतो. तिनं आधीच सामान भरून ठेवलं होतं. इस्पितळाच्या वासाला भिणारी माझी बहीण, जायला तयार होऊन बसली होती.

मला त्या क्षणी भावोजींचा इतका राग आला, की मी तो ब्रश त्यांच्या अंगावर फेकला. त्यांनी तो उचलला आणि मुठीत धरून तसेच बसले. रडले नाहीत. ताईच रडत होती, आणि त्या रडण्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

मग आमची धावपळ, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. ती जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. पुढची मिळायला उन्हाळा सरला. भावोजी स्वतः ताईला तिथं सोडून आले, रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. बाईंनी मन लावून शिकवलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. शेवटी त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "यांनी फार प्रयत्न केला. इथं इतकं मनापासून करणारं माणूस मी कमी बघितलंय. पण..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आम्हीही करायला लावलं नाही. ताई घरी आली ती होती तशीच. उलट ती 'बा'सुद्धा कमी झाली. तिथं इतर लोकांना शब्द फुटताना तिनं बघितलं असेल.

कचेरीत साहेबांच्या हुकुमावरून दुभाषी बंद झाला. खात्यानं बाहेरून दुसरं काहीतरी आणलं. त्यात जुनी यंत्रं बसतच नाहीत म्हणे, त्यांचे ठिपके नकाशावरून पुसून टाकले. भावोजींना नळांच्या गोदामात बसवलं. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत. माझ्या दुकानातलं स्टूल रिकामं असतं.

आणि त्यांनी स्वतःशी एक ठरवलं. ताईच्या वतीनं आता एक शब्दही बोलायचा नाही. मी फोन करून विचारलं, ताई कशी आहे, तर म्हणतात, "जेवली. झोपली. आता कशी आहे, ते मला माहीत नाही." खरं बोलतात. मला त्या खऱ्याचा वीट आलाय. निळ्या पडद्यांच्या गिऱ्हाइकानं मला खरंच बुडवलं, आणि त्या दिवशी मला कुणीतरी 'बघ, सांगितलं होतं ना तुला' म्हणायला हवं होतं. ते ताईचं नसतं, भावोजींचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी हवं होतं.

परवा गेले होते. ताई खुर्चीत बसली होती, भावोजी तिच्याजवळ. मी माझ्या दुकानाचं काहीबाही सांगत होते. सांगता सांगता सहज, जुन्या सवयीनं विचारलं, "काय गं ताई, बारीक झाले का मी?"

ताईनं तोंड उघडलं, काही आलं नाही. मग तिनं मान वळवून भावोजींकडे बघितलं. वाट बघत होती. ते तिचं म्हणणं मला सांगतील म्हणून थांबली होती. मघाशी चुळबुळ करणारी ती आता अगदी निवांत, जसं आपण फोन लावून पलीकडून कुणी उचलायची वाट बघतो.

भावोजी तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करायला लागले.

"बोला ना," मी म्हटलं. "भावोजी, काहीतरी बोला. चुकलं तर चुकलं."

"ती काय म्हणतेय ते मला कळत नाही," ते म्हणाले. "कधीच कळत नव्हतं."

ताईनं ते ऐकलं. तिनं डावा हात उचलला, सावकाश, आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. बोटं त्यांच्या ओठांवर दाबून धरली. बोल म्हणत होती की गप्प बस म्हणत होती, मला कळेना. मी भावोजींकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघत होते, तेच विचारत.